एका पॉइंटवर चार दिवे : घरातील ट्रॅक लाईटची जोडणी

कापडाच्या किंवा दागिन्यांच्या मोठ्या दुकानात छताला लावलेली काळी-पांढरी पट्टी आणि तिच्यावर बसवलेले तिरके दिवे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. यालाच ट्रॅक लाईट म्हणतात. पट्टी ॲल्युमिनियमची असते, तिच्या पोटात तांब्याच्या तारा बसवलेल्या असतात आणि दिव्याचा अडॅप्टर पट्टीत कुठेही अडकवून फिरवला की दिवा पेटतो. दिवा पुढे-मागे सरकतो, खाली-वर वळतो, नको असेल तेव्हा काढून ठेवता येतो. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रकार बाजारात आला तो मुख्यतः दुकाने व चित्रदालनांसाठी. पुढे बरीच वर्षे त्यात हॅलोजनचे दिवे वापरले जात. ते इतके तापत की खालच्या माणसाला डोक्यावर ऊन पडल्यासारखे वाटे. बिलही तसेच येई. एलईडी आल्यावर ही अडचण संपली आणि ट्रॅक लाईट घरात शिरला.

व्यापाराच्या पानावर घराच्या दिव्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा किंवा धारावी कुठेही जा, आपल्याकडे घर आणि कारखाना यांच्यामध्ये पुष्कळदा एक पडदाच असतो. पुढच्या खोलीत ड्रेस मटेरियल किंवा बुरख्याचे कापड मांडलेले, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीशी जरीकामाची चौकट. गिऱ्हाईक घरीच येते, माल घरीच पाहते आणि पसंतही घरीच करते. अशा घरात दिवा चुकीचा असला तर काळ्या कापडाला लावलेली काळी लेस रस्त्यावर गेल्यावर तपकिरी दिसते आणि दुसऱ्या दिवशी माल परत येतो. माल परत आल्याचे नुकसान एका दिवसाचे असते. त्यातून गेलेला भरवसा परत यायला फार दिवस लागतात.

दुसरा फायदा वायरिंगचा. जुन्या इमारतीत भाड्याच्या किंवा पागडीच्या खोलीत चार ठिकाणी चार नवे पॉइंट काढायचे म्हणजे भिंत फोडणे आले, प्लास्टर आले, मालकाची कुरबुर आली. ट्रॅकला वीज एकाच टोकाला द्यावी लागते. असलेल्या एका पॉइंटवर तीन-चार दिवे चालतात आणि खोली सोडताना पट्टी उतरवून बरोबर नेता येते.

मात्र एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ट्रॅक लाईट हा खोलीभर उजेड करणारा दिवा नव्हे. त्याचे काम एखाद्या वस्तूवर, भिंतीवर किंवा कामाच्या जागेवर उजेड टाकणे हे आहे. खोलीतील ट्यूबलाईट काढून तिच्या जागी ट्रॅक बसवणाऱ्यांची पुढे तक्रार असते की पैसे घालून खोली अंधारी झाली. ट्यूब राहू द्यावी, ट्रॅक तिच्या जोडीला लावावा.

आधी फूटपट्टी, मग ड्रिल

या कामात निम्मे यश मापात आहे, आणि नेमका मापाचाच कंटाळा केला जातो. ट्रॅक खोलीच्या मधोमध मारून मोकळे व्हायचे, ही आपल्या बहुतेक वायरमनांची सवय. मधोमध मारलेल्या ट्रॅकवरचा दिवा भिंतीकडे वळवला की उजेड फार आडवा जातो. भिंतीपाशी उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाची सावली मालावर पडते आणि खोलीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत दिवा खुपतो.

उजेड वस्तूवर सरळ उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांनी तिरका पडावा, असा साधारण नियम आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. छताच्या उंचीतून वस्तूच्या मध्याची उंची वजा करा. जे फूट उरतील त्यांना ०.५८ ने गुणा. उत्तर येईल तितके फूट भिंतीपासून दूर ट्रॅक मारा. छत ९ फूट आणि भिंतीवरच्या तुगऱ्याचा मध्य जमिनीपासून ५ फुटांवर असेल तर उरले ४ फूट. त्यांना ०.५८ ने गुणले की सव्वादोन फूट व थोडे वर. कपाट किंवा मांडणी भिंतीतून पुढे आलेली असेल तर माप भिंतीपासून न घेता मांडणीच्या तोंडापासून घ्यावे.

आता दिव्याचा झोत किती रुंद पडतो ते पाहू. खोक्यावर अंश लिहिलेले असतात : १५, २४, ३६, ६०. दुकानदार वॅट सांगतो, अंश सांगत नाही, म्हणून आपणच विचारावे. दिव्यापासून ६ फुटांवर २४ अंशांचा झोत अडीच फूट रुंद पडतो, ३६ अंशांचा सुमारे चार फूट आणि ६० अंशांचा जवळजवळ सात फूट. दिवा तोच, वॅट तेच, पण ६० ऐवजी ३६ अंशांचा घेतला तर तोच उजेड तिसऱ्या हिश्श्याच्या जागेत पडतो आणि त्या जागी सुमारे तिप्पट प्रखर होतो. कित्येकदा जास्त वॅटचा दिवा घेण्याची गरजच नसते, कमी अंशांचा घेतला की काम भागते. एखाद्या फ्रेमसाठी २४, कापडाच्या मांडणीसाठी ३६ आणि संपूर्ण भिंत उजळायची असेल तर ६०, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा १० बाय १४ फुटांची पुढची खोली आहे, छत साडेनऊ फुटांवर. चौदा फुटांच्या भिंतीला ८ फूट रुंदीची कापडाची मांडणी आहे आणि त्याच भिंतीच्या टोकाला, खिडकीपाशी, शिलाई मशीन. मांडणीतल्या मालाचा मध्य साडेचार फुटांवर धरला तर उरले पाच फूट. गुणाकार केला की मांडणीपासून जवळजवळ तीन फुटांवर ट्रॅक यायला हवा.

पण इथे पंखा आडवा येतो. खोलीच्या मध्यावर, म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर, ४८ इंची पंखा असेल तर त्याच्या पात्याचे टोक मध्यापासून दोन फूट बाहेर येते. म्हणजे भिंतीपासून तीन फुटांवर पात्याचे टोक आणि बरोबर त्याच रेषेत आपला ट्रॅक. दिवा पात्याच्या वर आला आणि झोत पात्यातून गेला तर सगळी खोली लुकलुकते. पाच मिनिटांत डोके दुखू लागते. म्हणून इथे ट्रॅक अर्धा फूट भिंतीकडे सरकवून अडीच फुटांवर घ्यावा. कोन ३० ऐवजी २६-२७ अंशांचा होईल, त्याने काही बिघडत नाही. मांडणीवर ३६ अंशांचे तीन दिवे, एकमेकांपासून साधारण पावणेतीन फुटांवर, आणि चौथा ट्रॅकच्या टोकाला मशीनसाठी. एक दोन मीटरची व एक एक मीटरची पट्टी सरळ कनेक्टरने जोडली की तीन मीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट. काम पूर्ण.

मशीनवरच्या दिव्याबद्दल थोडे. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डाव्या बाजूने व थोडा पुढून यावा, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली सुईवर पडत नाही. पाठीमागून टाकलेला दिवा कितीही प्रखर असला तरी डोक्याची सावली कामावर पडणारच. जरीकाम किंवा मोतीकाम असेल तर एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन बाजूंनी दोन लहान दिवे चांगले.

रंगाचा प्रश्न

खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ४००० म्हणजे साधा पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे ६५०० चा दिवा सर्रास घेतला जातो, कारण तो जास्त उजेड देतो असा समज आहे. डोळ्यांना तो जास्त प्रखर भासतो एवढेच. सोने व पितळ ३००० मध्ये खुलते, चांदी ४००० मध्ये किंवा त्याहून थोड्या वरच्या आकड्यात. कापडासाठी ४००० सर्वांत निर्धोक.

याहून महत्त्वाचा आकडा सीआरआय. सूर्यप्रकाशात वस्तूचा जो रंग दिसतो, त्याच्याशी दिव्याखालचा रंग कितपत जुळतो याचे हे मोजमाप असून ते १०० पैकी असते. साध्या दिव्यांचे ८० च्या आसपास असते. कापड, लेस, धागा, मेंदी, मेकअप, दागिने यांचा धंदा असेल तर ९० किंवा त्यावरचाच दिवा घ्यावा. काळ्या रंगाचे उदाहरण वर दिलेच आहे. काळे म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन कापडांत एकात निळी झाक असते, एकात तांबूस. कमी सीआरआयच्या दिव्याखाली ती दोन्ही एकच दिसतात आणि उन्हात फुटून वेगळी होतात. बुरखा व अबाया शिवणाऱ्या भगिनींना हा अनुभव नवा नाही. दोष रंगाऱ्याला दिला जातो, पण निवड करताना दिवा कोणता होता हे कोणी पाहत नाही. ९० सीआरआयचा दिवा थोडा महाग पडतो. तो सगळीकडे न लावता मांडणीवर व मशीनवर लावला तरी चालेल.

अत्तरवाल्यांसाठी एक सूचना : कुप्यांवर झोत टाकला की त्या सुंदर दिसतात हे खरे, पण उजेड व उष्णता अत्तराला मानवत नाही. दाखवण्यासाठी रिकाम्या किंवा नमुन्याच्या कुप्या ठेवाव्यात, विक्रीचा माल अंधारात.

बाजारात काय पाहावे

मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात तपकीर गल्ली येथे ट्रॅकचा माल पाहिजे तितका मिळतो, आणि फसगतही तितकीच होते. पहिली गोष्ट तारांची. काही ट्रॅकच्या पोटात दोनच तारा असतात : फेज आणि न्यूट्रल. काहींत तिसरी, अर्थिंगची असते. दोन तारांचा ट्रॅक स्वस्त म्हणून खपतो. पण दिव्याचा बाहेरचा भाग धातूचा असेल आणि त्याला अर्थिंग मिळत नसेल, तर आतली तार धातूला टेकल्यावर करंट दिव्याच्या अंगावर येतो. दिवा वळवण्यासाठी माणूस त्याला हात लावणारच, कारण त्यासाठीच तो घेतलेला असतो. घरासाठी तीन तारांचाच ट्रॅक घ्यावा. दिवा दुहेरी इन्सुलेशनचा असेल तर त्याच्यावर चौकटीत चौकट अशी खूण असते. ती खूण नसलेला धातूचा दिवा अर्थिंगशिवाय वापरू नये.

दुसरी गोष्ट, ट्रॅक एका कंपनीचा, कनेक्टर दुसऱ्याचा आणि दिवे तिसऱ्याचे असे मिश्रण करू नये. बाहेरून पट्ट्या सारख्या दिसतात, पण आतल्या तारांची जागा व अडॅप्टरच्या पात्यांची मांडणी वेगळी असते. जोर लावून बसवलेला अडॅप्टर बसल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी तेथेच ठिणगी पडते. सर्व सामान एकाच कंपनीचे आणि शक्य तर एक दिवा जास्तीचा घ्यावा, कारण दोन वर्षांनी तोच नमुना मिळेल याची खात्री नसते.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. एलईडी सहसा जळत नाही, जळतो तो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टची वीज दिव्याजोगी करून देणारा भाग. आपल्याकडे एलईडीच्या ड्रायव्हरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मालावर मानकाची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर माल परत ठेवावा. दुकानात दिवा पेटवून मोबाईलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरावा. पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर दिवा डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने लुकलुकतो आहे. बैठकीच्या खोलीत ते एकवेळ चालेल. पण शिलाई मशीन, खराद किंवा ड्रिलवर असा दिवा लावू नये. फिरणारा भाग थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा भासतो आणि बोट जाते.

हल्ली मॅग्नेटिक ट्रॅक म्हणून एक प्रकार जोरात आहे. तो ४८ व्होल्टवर चालतो, दिवे चुंबकाने चिकटतात, दिसायला नाजूक. त्याचे दिवे साध्या ट्रॅकला चालत नाहीत आणि साध्याचे त्याला. सगळी पट्टी एकाच मोठ्या ड्रायव्हरवर असल्याने तो गेला की सगळे दिवे एकदम जातात. फॉल्स सीलिंगमध्ये बुजवलेल्या ड्रायव्हरपर्यंत हात पोहोचत नसेल तर सीलिंग फोडावे लागते. पाहुण्यांना दाखवायला ठीक. कामाच्या घरासाठी साधा २३० व्होल्टचा ट्रॅकच बरा, असे माझे मत आहे.

बसवण्याचे काम

आधी कायद्याचे. दिवा, स्विच, फ्यूज बदलणे ग्राहकाने स्वतः केले तर चालते. नवी वायर ओढणे, सर्किट वाढवणे, वायरिंगमध्ये फेरफार करणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून व्हावे, अशी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांची तरतूद आहे. हे विनियम २०१० साली आले आणि २०२३ साली नव्याने काढले गेले. आपल्यात हुनर असलेले कितीतरी तरुण उस्तादाच्या हाताखाली काम शिकून वायरिंग करतात, पण परवाना काढत नाहीत. आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. कागद हातात असला की सोसायट्यांची व दुकानांची मोठी कामे मिळतात आणि काही अपघात झालाच तर माणूस एकटा सापडत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी नुसता खोलीचा स्विच बंद करून भागत नाही. जुन्या घरांत पुष्कळदा स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि स्विच बंद असतानाही पॉइंटवर फेज जिवंत राहतो. स्विच बंद केल्यावर एलईडी मिणमिणत राहत असेल तर बहुधा हेच कारण असते. मेन स्विच किंवा त्या सर्किटचा एमसीबी पाडावा, तो कोणी वर करू नये म्हणून घरच्यांना सांगावे किंवा चिकटपट्टी लावावी, आणि मग पॉइंटवर टेस्ट लॅम्पने खात्री करावी. खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टाकू नये. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे होत नाही. शिडी लाकडाची किंवा फायबरची असावी, ॲल्युमिनियमची नको.

अर्थिंग हा या कामाचा कणा आहे आणि जुन्या इमारतींत तोच मोडलेला असतो. मुंबईच्या कितीतरी चाळींत दिव्याच्या पॉइंटपर्यंत फक्त दोनच वायरी आलेल्या आहेत. अशा ठिकाणी तीन तारांचा ट्रॅक आणून तिसरा स्क्रू रिकामा ठेवला जातो. कधी कधी त्याहून वाईट, अर्थिंगचा स्क्रू न्यूट्रलला जोडला जातो. असे कधीही करू नये. न्यूट्रल कुठे तुटला तर ट्रॅकची सबंध पट्टी आणि तिच्यावरचे सगळे दिवे फेजवर येतात. बोर्डापासून हिरवी वायर नव्याने ओढावी; केसिंग पट्टीतून ओढली तर एक तासाचे काम आहे. बोर्डातच अर्थिंग नसेल, तर प्रथम इमारतीच्या अर्थिंगची व्यवस्था करून घ्यावी, ट्रॅक नंतर. आणि मीटरवर फेज व अर्थ यांच्यात २३० दिसले म्हणून अर्थिंग चांगले आहे असे समजू नये. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे कच्च्या अर्थिंगवरही तो पूर्ण आकडा दाखवतो. खरी परीक्षा अर्थ टेस्टरने होते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर हे काम काढतानाच तो बसवून घेण्याचा आग्रह धरावा. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. त्याच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

लोडची काळजी मात्र करू नये. आपल्या उदाहरणातले चार दिवे १२ वॅटचे धरले तर ४८ वॅट, म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ अँपिअरचा एमसीबी असला की झाले. रोज सहा तास जळले तर महिन्याला साडेआठ युनिटांच्या आसपास. याच जागी पूर्वीचे ५० वॅटचे चार हॅलोजन असते तर ३६ युनिट झाले असते.

ट्रॅक ठोकताना छत कशाचे आहे ते पाहावे. सिमेंटच्या स्लॅबमध्ये ड्रिल करून प्लास्टिकचे प्लग व स्क्रू चालतात. पंख्याच्या हुकाच्या आसपास व पॉइंटकडे जाणाऱ्या पाइपच्या सरळ रेषेत भोक पाडू नये, कारण स्लॅबच्या पोटात वायरीचे पाइप असतात. पीओपी किंवा जिप्समच्या सीलिंगमध्ये नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू चार दिवस टिकतो. दिवा वळवताना दर वेळी ओढ बसते आणि एक दिवस पट्टी लोंबते. स्क्रू वरच्या लोखंडी सेक्शनमध्येच गेला पाहिजे. सेक्शन कुठे आहे ते चुंबक फिरवून कळते. कोकणातल्या कौलारू घरात ट्रॅक सरळ वाशाला किंवा तुळईला मारावा. तिथे पावसाळ्यात गळणाऱ्या कौलाखालची जागा टाळावी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि न्हाणीघरात साधा ट्रॅक नकोच. त्याची फट उघडी असते, वाफ व तेल थेट तांब्यावर बसते.

पट्टी लांब पडली तर करवतीने कापता येते. वीज ज्या टोकाला द्यायची ते टोक सोडून दुसऱ्या बाजूने कापावी. कापल्यावर ॲल्युमिनियमची धार कानशीने घासून घ्यावी, कीस झटकून टाकावा आणि तांब्याच्या तारांची टोके धातूच्या कडेपासून थोडी आत दाबावीत, म्हणजे त्या पट्टीला टेकणार नाहीत. मग टोकाचे झाकण बसवावे. हे झाकण हरवले म्हणून उघडे टोक सोडून गेलेले वायरमन पुष्कळ आहेत. त्या उघड्या टोकात पोराने स्क्रू ड्रायव्हर घातला तर काय होईल हे सांगायला नको.

लाईव्ह एंड म्हणजे वीज देण्याचा तुकडा. त्याच्यात फेज, न्यूट्रल व अर्थ यांच्या खुणा असतात. लाल, काळी, हिरवी वायर खुणेप्रमाणेच जोडावी. वायरीचे सोललेले तोंड स्क्रूखाली पूर्ण जावे, बाहेर तांबे दिसू नये, आणि घट्ट केल्यावर वायर ओढून पाहावी. ट्रॅक लाईटच्या तक्रारी बहुधा दोनच जागी निघतात : लाईव्ह एंडचा सैल स्क्रू आणि अर्धवट फिरवलेला अडॅप्टर. ट्रॅकच्या एका कडेला उभी रेघ किंवा खाच असते. दोन पट्ट्या जोडताना ती खाच दोन्हींत एकाच बाजूला यावी. उलटसुलट आली तर अडॅप्टर एका पट्टीत बसतो आणि दुसरीत बसत नाही, आणि मग ठोकाठोकी सुरू होते.

दिवे बसवायचे ते वीज बंद ठेवूनच. सर्व बसल्यावर, वीज देण्याआधी, मीटरने अर्थिंगच्या वायरपासून प्रत्येक दिव्याच्या धातूपर्यंत सलग जोड आहे का ते पाहावे. रंग लावलेल्या भागावर मीटरची सुई लावून उपयोग नाही, एखादा उघडा स्क्रू शोधावा. यानंतर वीज द्यावी आणि दिवे रात्री वळवावेत. दिवसा लावलेला कोन रात्री हमखास बदलावा लागतो. घरातल्या माणसांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून कोणाच्या डोळ्यांत झोत जातो का ते विचारावे.

उजेड कमी-जास्त करण्याची सोय हवी असेल तर दिवा घेतानाच ‘डिमेबल’ लिहिलेला घ्यावा. साध्या एलईडीला पंख्याचा रेग्युलेटर लावणारे अजून भेटतात; त्याने दिवा लुकलुकतो आणि ड्रायव्हर लवकर जातो.

दर कसा सांगावा

वायरमन बंधूंसाठी शेवटी हिशेबाचे. मीटरवर म्हणजे ‘इतके फूट ट्रॅक, इतके पैसे’ असा दर सांगितला की गिऱ्हाईक स्वस्त पट्टी आणून देते, आणि दोष मात्र बसवणाऱ्याच्या माथी येतो. त्यापेक्षा कागदावर चार ओळी वेगळ्या लिहाव्यात : सामान, ट्रॅक ठोकण्याची मजुरी, नव्या वायरची व अर्थिंगची मजुरी, आणि रात्री येऊन दिवे वळवून देण्याची मजुरी. ही शेवटची ओळ कोणी लिहीत नाही, पण गिऱ्हाइकाला कामाचा फरक तिथेच दिसतो. सामान तुम्ही आणून देत असाल तर पक्के बिल गिऱ्हाइकाच्या नावावर घ्यावे. ड्रायव्हरची वॉरंटी त्याच्यावरच चालते. दुकानदाराकडून मिळणारे कमिशन घ्यायचे असेल तर ते गिऱ्हाइकाला आधी सांगावे किंवा मजुरीत धरून सरळ मागावे. घरात अर्थिंग नाही आणि गिऱ्हाईक ते करून घ्यायला तयार नाही, अशा वेळी धातूचे दिवे लावू नयेत. दुहेरी इन्सुलेशनचे सुचवावेत, आणि तेही नको असतील तर काम सोडावे. काम संपल्यावर कोणत्या एमसीबीवर ट्रॅक आहे ते बोर्डाच्या झाकणावर आतून लिहून ठेवावे आणि टोकाचे जास्तीचे झाकण, उरलेला कनेक्टर व खोक्याचा नोंदणी क्रमांक असलेला तुकडा एका पिशवीत घालून घरच्यांच्या हवाली करावा.